अठ्ठावीस शर्ट आणि तीस खेळाडू

माझी धाकटी सून मास्तरीण आहे. पाचवीच्या पोरांची परीक्षेआधीची उजळणी ती कसल्याशा खेळावर घेते, असं मला कळलं तेव्हा मी तिला सरळ विचारलं, "पोरं खेळतात, मग शिकवतं कोण?"

ती हसली. माझ्या बोलण्यावर हसणारी या घरात ती एकटीच. थोरली रडायची, म्हणून थोरल्याने दोन गल्ल्या सोडून वेगळं बिऱ्हाड केलं. आता ती सुखात आहे आणि मीही. धाकटी मात्र टिकली. मी एक टोमणा मारला की ती तो घडी घालून ठेवते आणि चार दिवसांनी इस्त्री करून मलाच परत देते.

मी शाळेत तिसरीपर्यंत गेले, आणि तिसरीतूनही अर्ध्यात उठले. पण माझ्या हातातली टेप तीस वर्षांत कधी खोटं बोललेली नाही. खाली आमचं शिवणाचं दुकान, वर घर. चार मशीन, कापडाच्या कडा बांधायचं एक ओव्हरलॉक, आणि कापायचं टेबल एवढं मोठं की माझी नात त्याखाली स्वतःचं वेगळं घर मांडून बसते. सुनेच्या शाळेचे गणवेश आम्हीच शिवतो. त्या शाळेतल्या पोरांची नावं मला विचारू नका, मापं विचारा. पाचवीच्या वर्गात यंदा अठ्ठावीस शर्ट गेले. मुलगा असो की मुलगी, शर्ट एकच, पुढे सात बटणं.

तर तो खेळ. फळ्याच्या जागी मोठ्या पडद्यावर प्रश्न येतो. खाली चार रंगांचे चौकोन, त्यात चार उत्तरं. पोरांच्या हातात शाळेचे टॅब असतात, त्यावर आपल्याला पटेल तो रंग दाबायचा. बरोबर दाबला तर गुण, आणि लवकर दाबला तर जास्त गुण. वर घड्याळ टिकटिकतं, बाजा वाजतो, मधूनमधून पहिल्या पाचांची नावं झळकतात आणि पोरं बाकावर उभी राहून नाचतात. नावंसुद्धा खरी नाहीत, ज्याने त्याने ठेवलेली. कुणी विमान, कुणी झोपाळू, कुणी पेन्सिल.

या नाचण्यावरूनच सगळं सुरू झालं. शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांचा खेळावर राग. "तुमच्या वर्गातून बाजाराचा आवाज येतो," असं त्या सुनेला म्हणाल्या. "गुरुवारी अकराला मी मागच्या बाकावर येऊन बसते. तुमची उजळणी बघते आणि मग ठरवते, तुमचं नाव कायम करायला पाठवायचं की नाही."

सून तीन वर्षं त्या शाळेत तात्पुरती आहे. नाव गेलं नाही तर यंदा तिची मुदत संपते. दुसऱ्या गावच्या शाळेने तिला बोलावलेलं होतं, बसने पाच तासांवर. माझा मुलगा वायरमन, त्याला काम कुठेही मिळेल. म्हणजे बिऱ्हाड तिकडे, आणि नात पण तिकडे.

हे तिने मला रविवारी सांगितलं. मी म्हटलं, "जायचं तर जा. मला कोण लागतं."

मग मी दुकानात जाऊन एक अस्तर उगाच उसवलं आणि परत शिवलं.

मंगळवारी संध्याकाळी सुनेने घरातच रंगीत तालीम घ्यायची ठरवली. मुलाने टीव्हीला वायर जोडली. खेळायला आम्ही चौघं: मुलगा, नऊ वर्षांची नात, मी, आणि ओव्हरलॉकवर बसणारी आमची घाईताई. तिचं खरं नाव वेगळं, पण ती ज्या वेगाने शिवते त्याच्या दुप्पट वेगाने बोलते, म्हणून हे पडलं. मुलाने स्वतःचं नाव ठेवलं फ्यूज. नात झाली वाघीण. घाईताई स्वतःला महाराणी म्हणवून बसली.

"आजी, तू जुनी कात्री हो," नात म्हणाली.

"जुनी का?"

"नवी कात्री टोचत नाही एवढी."

घरात सगळ्यांना हे फार विनोदी वाटलं. मी पण ठेवलं तेच नाव. जुन्या कात्रीला धार असते, हे त्यांना कळेलच म्हटलं.

दहा प्रश्न झाले. मी शेवटची आले. अक्षर जुळवून वाचेपर्यंत घड्याळ संपायचं, बोट रंगापर्यंत जाईपर्यंत पडदा बदलायचा. शेवटचं येण्याचंही मला वाईट वाटलं नसतं. पण दुसरी आली घाईताई.

"हिने एकही प्रश्न वाचलेला नाही," मी सुनेला म्हटलं. "मी बघत होते. प्रश्न यायच्या आधी हिचं बोट खाली."

"काकू, मला हिरवा रंग आवडतो," घाईताई म्हणाली. "सहा वेळा हिरवाच बरोबर निघाला, त्याला मी काय करू?"

"बघ," मी सुनेला म्हटलं. "ही तुझी उजळणी. हिला हिरवा रंग आला, गणित नाही आलं. तुझ्या वर्गात अशा किती महाराण्या बसल्यात ते आधी बघ. तुझ्या मोठ्या बाईंना बाजाराचा आवाज येतो तो काही उगाच येत नाही."

मुलगा म्हणाला, "आई, हरलीस म्हणून अंगण वाकडं म्हणू नकोस."

"तू वायरी बघ," मी म्हटलं.

सून मात्र वही घेऊन माझ्यासमोर बसली. "मग तुम्ही काय कराल, आई?"

तिला मी दुकानातली रीत सांगितली. तिने ती रोज पाहिली आहे, पण पाहणं आणि ऐकणं वेगळं. आमच्याकडे कापड कापायच्या आधी कात्री टेबलावर ठेवतात आणि दोन्ही हात पाठीमागे घेतात. एक जण माप मोठ्याने वाचते. दुसरी तेच परत म्हणते. मग हात पुढे. ही रीत मी आकाशातून आणलेली नाही. ऐन शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात घाईघाईत मी अकरा पँटी कापल्या होत्या, आणि सगळे पाय डावे कापले. अकरा पोरं, बावीस डावे पाय. त्यातला एक पाय मी खिळ्याला टांगला. त्याशेजारी पुढे बऱ्याच जणींचे नमुने आले: उलटा खिसा, दोन कॉलरी असलेला शर्ट, काजं दोन्ही बाजूंना आणि बटण कुठेच नाही. त्याला आम्ही खुंटी म्हणतो. नवी बाई कामाला आली की पहिल्या दिवशी तिला मशीन दाखवत नाही, खुंटी दाखवतो.

"म्हणजे घड्याळ काढू?" सुनेने विचारलं. "घड्याळ काढलं की मुलांची गंमत जाते, आई. गंमत गेली की निम्मी मुलं खिडकीबाहेर बघतात. मी सगळं करून पाहिलंय."

"गंमत ठेव. पण हाताच्या आधी डोकं जाऊ दे."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. तिला पटलं की नाही ते काही बोलली नाही. झोपायला जाताना माझ्या फोनवर तिने तिच्या वर्गाचा आकडा घालून दिला. तो कायमचा एकच असतो. तो घातला की सरावाचे प्रश्न मिळतात, घड्याळाशिवाय. "दुपारी चहाला बसलात की खेळा," म्हणाली. "तुमचं नाव तेच ठेवलंय."

हरल्याचं मला काही नव्हतं. तरी बुधवारी मी चहाला चारदा बसले.

गुरुवारी सकाळी सून निघाली तेव्हा तिच्या बाहीची शिलाई दंडापाशी सुटलेली दिसली. मी तिला उभ्याउभ्याच टाके घातले.

"आई, बस जाईल."

"जाऊ दे. मोठ्या बाई मागून बघणार ना तुला? मागूनच सुटलंय हे. आणि खांदे सरळ ठेव. तुझ्या अंगावर माझी शिलाई आहे, वाकून उभी राहिलीस तर नाव माझं जाईल."

"तुमचं नाव जाऊ नये म्हणून तरी मी ताठ उभी राहते," ती म्हणाली, आणि गेली.

अकराला आमचा चहा होतो. आता इथे मी खोटं बोलू शकले असते, की मला कळलंच नाही, बोट चुकून लागलं. तसं नाही. मी सरावाला म्हणून फोन उघडला तर पडद्यावर आलं, खेळ सुरू होत आहे, थांबा. वर कोपऱ्यात बाहेर पडायचं बटण होतं. ते मला दिसलं, घाईताईलाही दिसलं.

"काकू, हा तर खरा वर्ग आहे. निघा यातून."

"एक प्रश्न बघते आणि निघते."

मला बघायचं होतं ती तिकडे कशी उभी आहे. फोनमधून माणूस दिसत नाही हे मला कळतं. पण काहीतरी दिसतंच.

मागच्या बाकांवरून पडदा नीट दिसत नाही म्हणून सुनेने प्रश्न टॅबवरही दिसतील अशी सोय केलेली, त्यामुळे मला घरबसल्या सगळं वाचता येत होतं. पहिला प्रश्न आला, मी उशिरा पण बरोबर दाबलं. दुसरा चुकला. तिसऱ्याला घड्याळ संपलं. एक प्रश्न बघून निघणारी मी पाचव्यापर्यंत तिथेच.

सहावा प्रश्न असा होता: रस्त्याच्या कडेला एका ओळीत सात झाडं आहेत. प्रत्येक दोन झाडांमध्ये आठ मीटर अंतर आहे. पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत किती मीटर? हिरव्यात छप्पन्न, लालमध्ये चौसष्ट, निळ्यात अठ्ठेचाळीस, पिवळ्यात पंधरा.

"हिरवा," घाईताई म्हणाली.

"हात पाठीमागे घे," मी म्हटलं.

झाडं मला काही दिसेनात. माझ्या डोळ्यांपुढे आली ती बटणपट्टी. सात बटणं लावायची तर खडूने सात खुणा, आणि मधली जागा मोजायची ती सहाच वेळा. सातव्या बटणाखाली जागा नसते, तिथे शर्टाची पट्टी संपते. सहा वेळा आठ. घड्याळात दोन सेकंद उरले तेव्हा मी अठ्ठेचाळीस दाबलं.

कुठलं उत्तर किती जणांनी दिलं, त्याचे पडद्यावर दांडे उभे राहिले. एकूण खेळाडू तीस. छप्पन्न म्हणणारे एकोणतीस. अठ्ठेचाळीस म्हणणारा एक.

घाईताईने माझा खांदा एवढ्या जोरात दाबला की चहा सांडला. "काकू, सगळी शाळा चुकली, तुम्ही एकट्या बरोबर."

मी खुर्चीत सरळ झाले. तिसरी अर्ध्यात सोडलेल्या बाईला असा दिवस रोज येत नाही. आणि तेवढ्यात दांड्यांच्या खाली, मोठ्या अक्षरांत, नाव आलं. या प्रश्नाचं बरोबर उत्तर फक्त एकाने दिलं: जुनी कात्री.

ते माझ्या फोनवर दिसत होतं म्हणजे वर्गातल्या पडद्यावर त्याहून मोठं दिसत असणार. मोठ्या बाई मागे बसलेल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चहा तोंडात होता, तो गिळायचं मला सुचेना.

सातवा प्रश्न आलाच नाही. पडद्यावर आलं, खेळ थांबवला आहे. मिनिट गेलं, दुसरं गेलं. घाईताईने आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं. मग फोन वाजला, सुनेचा.

"आई," ती म्हणाली, आवाज अगदी सपाट. "तुम्ही स्पीकरवर आहात. सगळा वर्ग ऐकतोय. मोठ्या बाईसुद्धा."

"बरं," मी म्हटलं. एवढं छोटं वाक्य मी लग्नानंतर बोलले नव्हते.

मागून एक पोरगं म्हणालं, "बाई, ही हॅकर आहे का?"

"मी तुझ्या शर्टाची शिंपीण आहे," मी म्हटलं. "नीट बोल, नाहीतर पुढच्या वर्षी बाह्या आखूड करीन."

वर्ग हसला. त्या हसण्यात सुनेचा आवाज मला ओळखू आला. थोडासाच होता, पण होता.

"आई, वर्गात सगळ्यांचं उत्तर छप्पन्न आलं," ती म्हणाली. "तुमचं वेगळं का आलं ते मुलांना विचारायचंय."

एक मुलगी लगेच म्हणाली, "सात आठे छप्पन्न. मला तीसपर्यंत पाढे येतात."

"पाढा बरोबर आहे तुझा, बाळा," मी म्हटलं. "पण पाढा कशाचा म्हणायचा ते आधी बघायला हवं. तू झाडांचा म्हटलास. चालायचं तर मधल्या जागेतून आहे."

"म्हणजे?"

तेवढ्यात सुनेचा आवाज आला, माझ्याशी नव्हे, वर्गाशी. "सगळ्यांनी टॅब उलटे ठेवा. हात पाठीमागे. आई, आता सांगा."

हात पाठीमागे. मी घाईताईकडे बघितलं, घाईताईने माझ्याकडे.

मी म्हटलं, "तुमच्या अंगावर शर्ट आहे ना? तो मी शिवलाय. उत्तर त्यावरच आहे. बटणं किती ते सांगा."

थोडी कुजबुज झाली. मग सगळे, "सात."

"आता हात पुढे घ्या. बोट कॉलरच्या बटणावर ठेवा आणि एकेका बटणावर उडी मारत खाली या. उड्या मोजा. उत्तर ओरडायचं नाही, शेजाऱ्याच्या कानात सांगायचं."

फोनमधून अठ्ठावीस पोरांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. माझ्या दुकानात चारी मशीन बंद होती. मग ती पाढेवाली मुलगी हळूच म्हणाली, "बाई, सहा."

"माझ्या पाच आल्या," मागचं एक पोरगं म्हणालं. "माझं एक बटण तुटलंय."

सगळे खिदळले. मी म्हटलं, "गप्प बसा, तो बरोबर आहे. त्याची बटणं सहा, म्हणून उड्या पाच. तुमची सात, म्हणून सहा. आणि तू, तुटक्या बटणाच्या, बटण चघळू नकोस, दुकानात ये, लावून देते."

"तुम्हाला कसं कळलं मी चघळतो ते?"

"तीस वर्षं बटणं लावतेय मी."

मग सून मध्ये आली. तिने मला तसंच फोनवर ठेवलं आणि पोरांना नवा प्रश्न घातला. पडद्यावर नाही, तोंडी, घड्याळाशिवाय. एक माणूस पहिल्या मजल्यावरून पाचव्यावर चालत जातो, प्रत्येक दोन मजल्यांमध्ये अठरा पायऱ्या, एकूण किती? पोरं बोटं मोजत होती. कुणी शर्टाची बटणं धरून मोजत होतं. कुणी म्हणालं, नव्वद. लगेच दुसऱ्याने त्याला थांबवलं, "अरे, उड्या मोज." मग बहात्तर आलं, एकाचं, दोघांचं, आणि मग जवळजवळ सगळ्यांचं. मग फोन बंद झाला.

मी एवढ्या खुशीत होते की दुपारभर घाईताईला एकदाही रागावले नाही. ती खुशी संध्याकाळी सून येईपर्यंत टिकली.

तिने चप्पल काढली, पाणी प्यायली. "आई, मोठ्या बाईंनी तुम्हाला उद्या दहाला बोलावलंय."

"का?"

"वर्गाच्या खेळात बाहेरचं माणूस आलेलं चालत नाही. नियम आहे तसा. मुलांची नावं असतात त्यात, गुण असतात. वर्गाचा आकडा मी तुम्हाला द्यायलाच नको होता. चूक माझी आहे."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या आणि जेवण गोड लागलं असतं. ती चूक माझी म्हणाली आणि वर मोज्यांच्या घड्या घालायला गेली.

"नावाचं काय म्हणाल्या?" मी जिन्यातून विचारलं.

"काहीच नाही म्हणाल्या."

शुक्रवारी मी माझा चांगला कोट घातला आणि गेले. मुलगा दारात म्हणाला, "आई, एकच विनंती. त्या जे म्हणतील त्याला हो म्हण. तुझ्या जिभेला आज सुट्टी दे."

"जिभेला सुट्टी दिली तर मी काय पाठवू त्यांच्याकडे, कान?" मी म्हटलं. पण ऐकलं होतं.

मोठ्या बाईंची खोली लहान. टेबलावर कागदांचे गठ्ठे आणि एक टॅब, पाठीला शाळेची चिठ्ठी डकवलेला. खिडकीला पडदा, आणि तो चांगला वीतभर आखूड. कुणी शिवला असेल त्याला खुंटीवर टांगायला हवं. मी नजर काढून घेतली. बाई स्वतः उंच, सडपातळ, चष्मा साखळीला. बसा म्हणाल्या.

"आमच्याकडे पालक दारातून येतात. तुम्ही फोनमधून आलात."

"दारातून बोलावलं असतं तर दारातून आले असते," हे माझ्या तोंडात आलं होतं. मी म्हटलं, "चूक झाली."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांनी बहुतेक भांडणाची तयारी केली असणार, ती वाया गेली.

"तुमची सून म्हणते चूक तिची."

"तिची नाही. तिने मला सराव करायला दिलं होतं. खरा वर्ग सुरू झालेला मला दिसला, बाहेर पडायचं बटण पण दिसलं, मी दाबलं नाही. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका दाखवत आलेय, ही माझी. लिहायची तर माझ्या नावावर लिहा."

हे बोलायला मला किती जड गेलं ते त्यांना कळलं असेल असं वाटत नाही.

"मला एक समजलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळा वर्ग चुकला तेव्हा मला वाटलं ती घाबरून पुढचा प्रश्न लावेल. मी तिथे बसले होते. कुणीही लावला असता. तिने खेळ थांबवला. नंतर मी कारण विचारलं तर म्हणाली, आमच्याकडे घरी खुंटी आहे."

मग मला बावीस डावे पाय सांगावे लागले. त्या हसल्या नाहीत, पण पेन खाली ठेवलं.

"म्हणजे चुकलेलं सगळ्यांसमोर टांगता?"

"टांगतो. पण नाव लिहीत नाही. एकाच तुकड्यावर नाव आहे, पहिल्या पायावर. ते माझं."

"तिचं तेच मला आवडलं," त्या म्हणाल्या. "कोण चुकलं हे तिने विचारलं नाही. विचारायला उरलंच कोण होतं म्हणा. वर्गातली अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मुलं चुकली."

अठ्ठावीस. माझे अठ्ठावीस शर्ट. मी मनातल्या मनात सहज मोजलं, सवयच आहे. अठ्ठावीस पोरं आणि एक मी, झाले एकोणतीस. पण फोनवर आकडा तीस होता. एक बरोबर, ती मी. चुकलेले एकोणतीस. मग हे एकोणतिसावं छप्पन्न कुणाचं?

माझी नजर टेबलावरच्या टॅबवर गेली, आणि तिथून वर, चष्म्यावर.

मोठ्या बाईही मोजत होत्या. शाळेतल्या माणसाला मोजायला वेळ लागत नाही, आणि मी मोजलंय हे त्यांना दिसलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

देवाशपथ सांगते, एवढा चांगला टोमणा मला जन्मात सापडला नव्हता. शिवून, इस्त्री करून, टोकदार कॉलरसकट तयार. तो माझ्या जिभेच्या शेंड्यावर येऊन उभा राहिला. मला टेबलाखालचं नातीचं घर दिसलं, त्यात मांडलेली रिळं दिसली. मी मूग गिळले. मूग कसले, अख्खा बटणांचा डबा गिळला.

"तुम्ही काहीतरी म्हणणार होतात," त्या म्हणाल्या.

"पडदा आखूड आहे तुमचा," मी म्हटलं. "तेवढंच."

त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चष्मा काढून पुसायला घेतला. "छप्पन्न फार पटकन सुचतं," त्या हळू म्हणाल्या.

"घड्याळ टिकटिकत असलं की कुणालाही सुचतं," मी म्हटलं. "आमच्याकडे पण बावीस पाय डावे झाले ते घाईतच."

त्यांनी गठ्ठ्यातला एक कागद वर काढला, त्यावर खाली सही केली आणि माझ्यासमोर वाळायला ठेवावा तसा ठेवला. त्यावर सुनेचं नाव होतं, ते मी अक्षर जुळवून वाचलं. मला वेळ लागला, त्या थांबल्या.

"वर्गाचा आकडा आजच बदलायचा," त्या म्हणाल्या. "यादीबाहेरचं कुणी आत येता कामा नये, तुम्हीसुद्धा. आणि जो प्रश्न निम्म्याहून जास्त वर्ग चुकेल तो सोमवारी परत, घड्याळाशिवाय. हे तिला मी सांगणार आहे, पण तुमच्याकडून आधी कळलं तरी चालेल."

मी उठताना पडद्याचं माप घेतलं. टेप माझ्या पर्समध्ये असतेच.

पडद्याचं कापड शोधत बाजार पालथा घालून मी संध्याकाळी घरी आले, तर सगळे जेवायचे थांबलेले. मी चप्पल काढली, हात धुतले, पाणी मागितलं. मग म्हटलं, "नाव गेलं कायमला. आता त्या दुसऱ्या गावाला कळव, तिकडच्या पोरांचे शर्ट कुणी दुसऱ्याने शिवावेत."

मुलगा खुर्चीत बसला. सून बसलीच नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने माझ्या कोटाच्या कॉलरची घडी सारखी केली. ती सारखीच होती.

"काय बोलणं झालं, आई?"

"पडद्याचं. आखूड आहे त्यांचा."

"एवढंच?"

"एवढंच."

नात टेबलाखालून बाहेर आली. "आजी, पण खेळात तू कितवी आलीस?"

सुनेने फोन काढून यादी बघितली. "सहा प्रश्नांपर्यंत? आजी एकोणतिसावी."

"शेवटची नाही?" मला खरंच नवल वाटलं. "मग तिसावं कोण?"

"पाहुणी असं नाव घेतलेलं कुणीतरी होतं," सून म्हणाली. ती फोनकडे बघत होती, माझ्याकडे मुळीच नाही, आणि तिच्या ओठांचं एक टोक वर चाललेलं. "माझ्या यादीत नाही तसं कुणी. मीच मागच्या बाकावर एक जादा टॅब ठेवला होता."

"बिचारी," मी म्हटलं. "तिला सोमवारी पडदा देऊन येते. वाढ."